अकरा नंबरच्या खाटेवर कोण आहे?

शिक्षिका : सिस्टर, रुग्णाला माणूस म्हणून ओळखणं ही इंजेक्शन देण्याइतकीच शिकवता येण्यासारखी गोष्ट आहे, असं माझं ठाम मत आहे. आपण ती आजवर स्वभावावर सोडून दिली. अमकी मायाळू, तमकीचा हात जड, असं म्हटलं की शिकवणाऱ्याची जबाबदारी तिथेच संपते. इथे, बंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटी ते बोम्मसंद्र या पट्ट्यात, माझ्यासमोर वर्गात बसणारी मुलं-मुली अठरा-एकोणीस वर्षांची असतात. कुणी केरळमधून आलेली, कुणी मणिपूरची, कुणी बंगालची, कुणी कलबुर्गीची. आणि वॉर्डात त्यांच्यासमोर असतो आनेकलचा नाचणी पिकवणारा शेतकरी, जिगणीच्या कारखान्यातला ओडिया कामगार, नाहीतर आयटीतल्या मुलाकडे साताऱ्याहून राहायला आलेली आई. भाषा, वय, जात, पैसा, सगळ्यांतच अंतर. हे अंतर नुसत्या मायेने कसं ओलांडणार? म्हणून मी पहिल्या सत्रापासून तीन गोष्टी करून घेते. अंगाला हात लावण्याआधी स्वतःचं नाव सांगायचं. समोरच्याला काय म्हणून हाक मारलेली आवडेल ते विचारायचं. आणि आज तुम्हाला कशाची सगळ्यात जास्त काळजी वाटते, हा एक प्रश्न विचारून उत्तर पुरं होईपर्यंत थांबायचं. केट ग्रेंजर नावाची ब्रिटिश डॉक्टर कॅन्सरची रुग्ण म्हणून दाखल झाली, तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपल्याला हात लावणारी बरीच माणसं आपलं नावसुद्धा सांगत नाहीत. त्यातून २०१३ साली तिने स्वतःची ओळख करून देण्याची मोहीम सुरू केली. एका वाक्याची सवय होती ती. सवय म्हणजे शिकवता येणारी गोष्ट.

सिस्टर : तुझ्या तिन्ही गोष्टी मला मान्य आहेत. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पुरं व्हायला किती वेळ लागतो, ते तू कधी घड्याळ लावून पाहिलंस का? मी रात्रपाळ्या केल्यात त्या एक सिस्टर आणि तीस खाटा अशा. भारतीय नर्सिंग परिषदेचा निकष काय सांगतो ते तुला पाठ असेल : शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका, साध्या रुग्णालयात पाचांमागे एक. कागद चांगला आहे. पहाटे पाचपासून बीपी, टेम्परेचर, शुगर, सॅम्पल, युरिन बॅग रिकामी करणं, इनटेक-आउटपुट चार्ट, सातचा हँडओव्हर. त्यात एखाद्या बाईला विचारलं, काळजी कशाची वाटते, आणि ती म्हणाली की घरी गोठ्यात दोन म्हशी आहेत, धार कोण काढतंय देव जाणे. मग तू थांबणार, आणि तेवढ्यात बाविसाव्या खाटेचं सलाईन संपणार. आता दुसरं सांगते, ते वेळेपेक्षा अवघड आहे. आम्ही 'अकरा नंबर' म्हणायचो ते निर्दयपणाने नव्हे. अकरा नंबरवर या महिन्यात तीन माणसं गेलेली असतात. प्रत्येकाचं नाव, त्याच्या म्हशी, त्याची धाकटी मुलगी, हे सगळं मनात घेऊन एकोणीस वर्षांची पोर हॉस्टेलवर जाऊन झोपणार कशी? नंबर म्हटलं की दुसऱ्या दिवशी कामावर येता येतं. आधीच्या सिस्टरांनी आम्हाला हे शिकवलं ते आमच्यावर दया येऊन.

शिक्षिका : तुम्ही जे सांगताय ते इसाबेल मेन्झिस या मनोविश्लेषक बाईंनी १९६० च्या सुमाराला लंडनच्या एका मोठ्या रुग्णालयात पाहून लिहून ठेवलंय. तिथेही रुग्णाला खाटेच्या नंबराने किंवा बिघडलेल्या अवयवाने ओळखत. एका परिचारिकेकडे एक रुग्ण न देता तिला तीस रुग्णांचं एकच काम देत. ही सगळ्यांचं टेम्परेचर घेणार, ती सगळ्यांच्या चादरी बदलणार. विद्यार्थिनींच्या सतत बदल्या करत. मृत्यू, घाण, दुःख, लाज यांच्या रोजच्या सहवासातून येणारी भीती थोपवायला अख्ख्या रुग्णालयाने ही घडी बसवली आहे, असं त्यांचं निदान होतं. तुमची 'दया' म्हणजे हीच घडी. पण त्या पुढे काय म्हणतात ते बघा. या घडीने भीती कमी होत नव्हती. उलट, ज्यासाठी मुली या पेशात आल्या होत्या ते रुग्णाशी जोडलं जाण्याचं समाधानच त्यांच्या हातून निसटत होतं. बऱ्याच जणी शिक्षण अर्धवट सोडून जायच्या आणि त्यांत मनाने प्रगल्भ असलेल्या मुलीही असायच्या. म्हणजे नंबर म्हणून जी टिकते, ती दगड झाल्यामुळे टिकते असं मी म्हणणार नाही. तुम्ही समोर बसला आहात. पण जी गेली तिचा हिशोब कोणी ठेवला?

सिस्टर : नाही ठेवला, हे खरंय. माझ्या बॅचमधल्या एक-दोन तरी मुली अशा आठवतात, ज्या आमच्यात सगळ्यांत चांगल्या नर्स झाल्या असत्या. पण तू ती घडी मोडायला निघालीस, तर त्या जागी काय देणार आहेस ते सांग. भीती तर तिथेच राहणार. आणि या शिस्तीमागे आणखी एक इतिहास आहे. पुण्याचं सेवासदन १९०९ साली स्थापन झालं. तिथून रमाबाई रानड्यांनी मुलींना, त्यांत विधवाही होत्या, ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला पाठवलं, तेव्हा परपुरुषाच्या अंगाला हात लावणारी बाई म्हणून समाज नर्सकडे कसा बघत असेल? कडक गणवेश, ठरलेली वेळ, ठरलेली कृती, नेमकं बोलणं, या सगळ्याने तिला मान मिळवून दिला. ही माया नव्हे, हे शास्त्र आहे, असं ती म्हणू शकली. आता तुम्ही पुन्हा तिला म्हणता, माया दाखव. डॉक्टरला कोणी म्हणत नाही, शस्त्रक्रिया बरी झाली, पण हसला नाही.

शिक्षिका : म्हणायला हवं. पण तुमचा धोक्याचा इशारा खरा आहे. बाईकडून गोडवा गृहीत धरला जातो आणि त्याचा पगार धरला जात नाही. खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या पगाराचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१६ साली नेमलेल्या समितीने अगदी लहान रुग्णालयातसुद्धा किमान वीस हजार तरी द्या, अशी शिफारस केली. ती किती ठिकाणी पाळली जाते ते तुम्ही-मी जाणतो. म्हणूनच मी 'माया' हा शब्द वर्गात वापरत नाही. मी शिकवते ती विचारपूस. विचारपूस हे कामाचं अंग आहे, माहिती मिळवण्याचं साधन आहे. पोटात दुखतंय म्हणणाऱ्या माणसाला कळ येते, मुरडा येतो, की जळजळतं हे कळल्याशिवाय पुढचं सगळं अंदाजाने चालतं. नर्सिंग केअर प्लॅनमध्ये पहिला रकानाच रुग्णाच्या तोंडच्या शब्दांसाठी आहे. म्हणजे आपल्या शास्त्रात ही जागा आधीपासून राखलेली आहे.

सिस्टर : आणि त्या रकान्यात तुझी मुलं काय लिहितात? गेल्या वर्षीच्या बॅचच्या फाइलमधून उतरवून काढतात. रुग्ण म्हणतो, मला दम लागतो. रुग्ण म्हणतो, मला झोप येत नाही. शंभर फायली उघड, शंभर रुग्ण एकाच आवाजात बोलतात. मी कितीतरी फायलींवर सह्या केल्यात. खाटेवरचा माणूस व्हेंटिलेटरवर आणि फाइलमध्ये तो म्हणतो, मला भूक लागत नाही! आता नव्या पद्धतीच्या परीक्षेत, ते तुमचं ओस्की, स्वतःची ओळख करून दिली : एक गुण. रुग्णाची परवानगी घेतली : एक गुण. पडदा ओढला : अर्धा गुण. मुलगी पुतळ्यापुढे उभी राहून घडाघडा म्हणते, नमस्कार, माझं नाव अमुक, मी तुमचं ड्रेसिंग करणार आहे. आणि वॉर्डात आली की मान खाली घालून चादर ओढते. तुम्ही जे शिकवलं ते परीक्षेच्या खोलीत राहिलं.

शिक्षिका : २०२१ च्या नव्या अभ्यासक्रमाने क्षमतांवर भर दिला, सत्रपद्धत आणली. मानवी मूल्यं आणि सॉफ्ट स्किल्स हे विषय मात्र ऐच्छिकांच्या यादीत गेले, याचं मला वाईट वाटतं. फायलींच्या बाबतीत तुमचं खरं आहे. म्हणून मी एक बदल केला. केअर प्लॅन तपासताना मी आधी रुग्णाकडे जाते. तो झोपला असेल तर थांबते. त्याच्याशी दोन शब्द बोलते, मग फाइल उघडते. आधी मुलं घाबरली, नंतर पहिल्या रकान्यातली वाक्यं बदलली. एका फाइलमध्ये आलं : रुग्ण म्हणतो, मला डायपर लावू नका, मी हाक मारीन. या एका वाक्याने त्या माणसाची सगळी शुश्रूषा बदलायला हवी. ओस्कीचं म्हणाल, तर गुणांसाठी पाठ केलेलं वाक्यही मला चालतं. सुरुवातीला हात धुणंसुद्धा मुलं गुणांसाठीच करतात.

सिस्टर : त्या माणसाचं डायपर काढलं का?

शिक्षिका : त्या दिवशी नाही.

सिस्टर : बघ. मुलीने विचारलं, त्याने सांगितलं, तिने लिहिलं, तू वाचलंस. आणि डायपर तसंच. आता ती मुलगी काय शिकली? हेच ना, की विचारलेलं कुठे पोचत नाही. पुढच्या वेळी ती विचारणार नाही, कारण उत्तर ऐकून काहीच न करता येणं हे न विचारण्यापेक्षा जड जातं. मला तुझ्या शिकवण्याबद्दल खरी शंका इथे आहे. वेळ नाही हे मी आधी म्हणाले, ते त्यातल्या त्यात सोपं कारण होतं.

शिक्षिका : अमेरिकेत होजात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वैद्यकीय विद्यार्थ्यांबद्दल २००९ साली असंच काही दाखवलं. सहानुभाव मोजण्याची त्यांची एक श्रेणी आहे. पहिली दोन वर्षं तिच्यावरचे गुण बरेचसे टिकून राहतात आणि तिसऱ्या वर्षी खाली येतात. तिसऱ्या वर्षी ते विद्यार्थी वॉर्डात जातात. म्हणजे ज्या वर्षी प्रत्यक्ष रुग्ण भेटतो, त्याच वर्षी तो दिसेनासा होऊ लागतो. मी हे आजवर असं वाचत होते, की म्हणून आधीच भक्कम शिकवून पाठवायला हवं. तुमचं म्हणणं मला उलट दिशेला नेतंय.

सिस्टर : मी तुला आणखी उलट नेते. याच पट्ट्यात डॉक्टर देवी शेट्टींचं नारायण हृदयालय उभं राहिलं. एकाच ठिकाणी भरपूर हृदयशस्त्रक्रिया, प्रत्येक टप्पा ठरलेला, खर्च खाली. त्याच काळात, २००३ साली, कर्नाटकात सहकारी संस्थांतल्या शेतकऱ्यांसाठी यशस्विनी योजना आली. सुरुवातीचा हप्ता महिन्याला पाच रुपये. ज्या शेतकऱ्याने हृदयाचं ऑपरेशन हे शब्द सिनेमातच ऐकले असतील, तो टेबलावर जाऊ शकला. हे कशामुळे झालं? सगळ्यांसाठी एकच पद्धत ठरवल्यामुळे. प्रत्येक रुग्णाची आवड विचारत बसले असते, तर त्याची पाळीच आली नसती. माझ्या लेखी त्याला जिवंत घरी पाठवणं हाच त्याचा माणूस म्हणून सगळ्यात मोठा मान आहे. बाकीचं नंतर.

शिक्षिका : हे मी हलक्यात घेत नाही. पण याच रुग्णालयाच्या कॉरिडॉरमध्ये पुढे काय घडलं ते बघा. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या काही विद्यार्थ्यांना वर्गातल्या एका प्रकल्पासाठी तिथे काम करायला मिळालं. त्यांना दिसले ते बाहेर दिवसरात्र बसून राहिलेले नातेवाईक. माणूस आत, हे बाहेर, आणि चार-पाच दिवसांनी ते त्याला घेऊन घरी जाणार. टाके कसे सांभाळायचे, खोकताना छातीला आधार कसा द्यायचा, कोणतं लक्षण दिसलं की धावत परत यायचं, हे त्यांना नीट बसून कोणी सांगत नव्हतं. त्यातून नूरा हेल्थ ही संस्था उभी राहिली. वॉर्डातल्या परिचारिकाच नातेवाइकांचा वर्ग घेतात, चित्रं आणि फिल्म दाखवतात, हातांनी करून घेतात. पुढे हे काम कर्नाटक, पंजाब, महाराष्ट्रातल्या सरकारी रुग्णालयांतही गेलं. म्हणजे ठरलेल्या पद्धतीच्या पोटातच माणसासाठी जागा करता आली, कारण ती जागासुद्धा पद्धतीने केली. तास ठरला, खोली ठरली, शिकवणारी ठरली. माझ्या विद्यार्थ्यांना मी हे उदाहरण देते, ते याच कारणासाठी.

सिस्टर : छान काम आहे, मला ठाऊक आहे. पण त्या वर्गात पुढच्या रांगेत कोण बसतं? सून, बायको, मुलगी. परिचारिकेचं काम तू घरातल्या बाईच्या पदरात शिकवून टाकलंस. तिला कोण विचारणार, तुला कशाची काळजी वाटते? आणि रुग्ण कुठे गेला या सगळ्यात? आपल्याकडे रुग्ण म्हणजे कुटुंब असं तुम्ही सगळे कौतुकाने म्हणता. ते निम्मंच खरं आहे. मी अशा म्हाताऱ्या पाहिल्यात, ज्या मुलगा खोलीत असेपर्यंत, काही दुखत नाही गं, असं म्हणायच्या आणि तो चहाला गेला की माझा हात धरायच्या.

शिक्षिका : तिथेच तर कौशल्य लागतं. मुलगा चहाला गेल्याची पाच मिनिटं ओळखून तेव्हा विचारणं.

सिस्टर : ठीक. मग असं समज, की मी तुझी विद्यार्थिनी आहे. दुसरं वर्ष, वॉर्डात तिसरा आठवडा. मराठी येत नाही, मोडकं हिंदी येतं. खाटेवर साताऱ्याची ती आई. पोटाचा कॅन्सर, पसरलेला. मुलाने डॉक्टरला, इन्चार्जला, सगळ्यांना बजावलंय, आईला सांगायचं नाही, ती खचून जाईल. तोही दुष्ट नाही. रात्रभर लॅपटॉपवर काम करून सकाळी येऊन बसतो. तो चहाला जातो. बाई मला विचारते, बाळ, मला काय झालंय? हे लोक मला सांगत नाहीत. आता तू शिकवलेल्या तीन गोष्टींतली कोणती करू?

शिक्षिका : खोटं बोलायचं नाही. निदानही सांगायचं नाही, तो तुझा अधिकार नाही. खाली बसायचं, तिच्या डोळ्यांच्या पातळीवर. विचारायचं : तुम्हाला काय वाटतं, काय झालं असेल? आणि कोणाकडून, कितपत जाणून घ्यायचंय? ती जे बोलेल ते ऐकायचं, तुम्ही विचारलंत हे मी मोठ्या सिस्टरांना आणि डॉक्टरांना सांगते, असं तिला सांगायचं, आणि तसं खरंच सांगायचं. आजाराची माहिती द्यायची की नाही एवढाच हा प्रश्न नसतो. ती बहुधा हेही विचारत असते, की मला एकटीला टाकून तुम्ही सगळे कुठे बोलता. त्या दुसऱ्या प्रश्नाला विद्यार्थिनी उत्तर देऊ शकते.

सिस्टर : उत्तम. मी हे सगळं केलं. बाई म्हणाली, मला वाटतं मी आता राहत नाही, मला गावी न्या, तुळशीवृंदावनाजवळ माझी खाट टाका. मी इन्चार्जकडे गेले. इन्चार्ज म्हणाली, तुला कोणी सांगितलं तिच्याशी बोलायला? नातेवाइकाची तक्रार आली तर कोण निस्तरणार? तुझं काम चादरी बदलायचं. आणि ही इन्चार्ज वाईट बाई आहे असं समजू नकोस. ती मीच आहे, वीस वर्षांपूर्वीची. माझ्या डोक्यावर मॅट्रन, तिच्या डोक्यावर व्यवस्थापन, आणि बिल भरणारा तो मुलगा. विद्यार्थिनीने काय करायला हवं होतं ते तू बरोबर सांगितलंस. तिने ते केलंही. शिक्षा तिलाच झाली.

शिक्षिका : म्हणजे मी ज्या मुलीला चांगलं शिकवते, तिलाच जास्त दुखापत होते.

सिस्टर : हो. म्हणून म्हणते, नंबर म्हणायला शिकव. निदान ती टिकेल.

शिक्षिका : नाही, तिथे मी तुमच्याबरोबर येणार नाही. अरुणा शानबाग तुमच्या पिढीच्या डोळ्यांसमोरचं उदाहरण आहे. ती स्वतः परिचारिका, कर्नाटकातल्या हल्दीपूरची. नोव्हेंबर १९७३ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात तिच्यावर हल्ला झाला, ती कायमची अंथरुणाला खिळली आणि १८ मे २०१५ ला गेली. एकेचाळीस वर्षांहून जास्त काळ तिथल्या परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी तिला सांभाळलं. भरवलं, वळवलं, पुसलं. तिला बेडसोर होऊ दिला नाही, असं रुग्णालयाने न्यायालयाला सांगितलं. जी बोलू शकत नव्हती, तिला मासे आवडतात हे त्यांना ठाऊक होतं. कोणी तिला नंबराने ओळखलं नाही. आणि त्या परिचारिका मोडून पडल्या नाहीत. मग जवळीक माणसाला मोडते, हे तुमचं म्हणणं कसं टिकेल?

सिस्टर : टिकतं, कारण तिथे एकही जण एकटी नव्हती. अख्खा परिचारिकावर्ग तिच्यामागे उभा होता. नव्या मुलीला आधीची सांगायची, अरुणाला असं भरवायचं, तिला गर्दी चालत नाही. वॉर्डच शिकवत होता, आणि वॉर्ड ऐकतही होता. शिवाय ती आपली होती, आपल्यातली. शेजारच्या वॉर्डातल्या अनोळखी बाईला हे सगळं मिळालं असतं का?

शिक्षिका : म्हणूनच तर शिकवायला हवं! जे आपल्या माणसासाठी आपोआप होतं, ते परक्यासाठी ठरवून करावं लागतं. आनेकलच्या शेतकऱ्यासाठी, ओडिया कामगारासाठी. मी मुलांना वॉर्डात पाठवण्याआधी थोडं कामापुरतं कन्नड पाठ करायला लावते : कुठे दुखतं, किती दुखतं, थांबू का, पाणी हवं का. या मुलांतली बरीच जण पुढे इंग्लंडला, जर्मनीला जाणार. इंग्लंडसाठी द्यायच्या एका भाषापरीक्षेत रुग्णाचा दृष्टिकोन समजून घेण्याला गुण असतात, त्याची ती मन लावून तयारी करतात. तिकडच्या म्हाताऱ्याशी हळुवार बोलायला शिकलेली मुलगी इथल्या शेतकऱ्याशी खुणांनी बोलते, हे मला सहन होत नाही.

सिस्टर : हे तू बरोबर करतेस. कन्नड सोडू नकोस. पण अरुणाची गोष्ट तू अर्ध्यावर सोडलीस. पिंकी विराणींनी तिच्यावर पुस्तक लिहिलं, पुढे सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्यांचं म्हणणं, हे जगणं तिच्यावर लादलंय, तिला जाऊ द्या. परिचारिकांचं म्हणणं, ती आमची आहे, तिला जगायचंय, आवडतं खाणं मिळालं की तिच्या चेहऱ्यावर दिसतं. दोन्ही बाजू तिच्या वतीने बोलत होत्या, आणि दोन्ही मनापासून. २०११ च्या निकालात न्यायालयाने विराणींची विनंती फेटाळली आणि तिच्या वतीने बोलण्याचा हक्क केईएमच्या कर्मचाऱ्यांना आहे, असं म्हटलं. मी त्या वेळी परिचारिकांच्या बाजूने होते, आजही आहे. तरी रात्री कधीकधी मनात येतं, की एवढ्या जवळून ओळखणाऱ्यांनाही तिला काय हवं होतं हे नक्की कळलं होतं का? तू मुलांना विचारायला शिकवतेस. उत्तर आल्यावरही ते आपल्याला पुरतं कळलेलं नसतं, हे शिकवतेस का?

शिक्षिका : नाही शिकवत. त्यांना वाटतं, विचारलं, लिहिलं, संपलं. साताऱ्याची बाई गावी न्या म्हणाली. उद्या ती म्हणेल, नको, मुलाजवळच बरं आहे. टॉम किटवुड यांनी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांबद्दल १९९७ साली जे पुस्तक लिहिलं, त्यात एक गोष्ट मला फार खरी वाटते. माणसाला हळूहळू माणूस म्हणून पुसून टाकणारे बहुतेक लोक सद्हेतूने वागत असतात. त्याच्या वतीने बोलतात, घाईने भरवतात, त्याला लहान मूल समजतात. आमची मुलंही सरसकट 'अज्जी, अज्जी' करतात आणि ते ऐकून मला बरं वाटतं. एखादीला त्यात जवळीक वाटते. दुसरी शाळेची मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली असते आणि गप्प होते. म्हणजे विचारणं एकदाचं नसतं, रोज विचारावं लागतं. आणि ते एकटीने शक्य नाही, आदल्या पाळीने पुढच्या पाळीला सांगायला हवं. हँडओव्हरमध्ये बीपी सांगतात, तसं 'तो डायपर नको म्हणाला' हे सांगायला हवं.

सिस्टर : आता तू माझ्या वॉर्डात आलीस. हँडओव्हर तुझ्या वर्गात होत नाही.

शिक्षिका : मान्य. मग मी मोजते ते चुकीचं मोजते. मी विद्यार्थिनीला गुण देते, तिने विचारलं का, ऐकलं का, लिहिलं का. यापुढे प्रत्येक पोस्टिंगनंतर तिला एक प्रश्न विचारणार : रुग्णाने सांगितलेली एखादी गोष्ट तू वॉर्डात पोचवलीस, तेव्हा पुढे काय झालं? कोणी ऐकलं, कोणी झिडकारलं, काय बदललं? ही उत्तरं एकत्र केली की विद्यार्थिनींचं नव्हे, वॉर्डाचं प्रगतिपुस्तक तयार होईल.

सिस्टर : आणि ते कोणाला दाखवशील? नर्सिंग कॉलेजला स्वतःचं रुग्णालय लागतं, शंभर खाटांचं, हा नियम आहे. कॉलेजचा मालक तोच रुग्णालयाचा मालक. तुझ्या मुली शिकायला येतात हे खरं, पण त्या नसल्या तर सकाळच्या पाळीला हात कमी पडतात हेही खरं. ब्रिटनमध्ये स्टॅफर्डच्या रुग्णालयात रुग्णांची भयंकर आबाळ झाली. रॉबर्ट फ्रान्सिस यांच्या चौकशीचा अहवाल २०१३ साली आला. माणसं कमी केली होती, लक्ष पैशावर आणि आकड्यांवर होतं, आणि ज्यांनी तोंड उघडलं त्यांना कोणी विचारलं नाही. तिथे चांगल्या मनाच्या नर्स नसतील का? तू ते प्रगतिपुस्तक लिही. मी सही करीन, माझं आता काय जाणार आहे. पण लिहिणारी नोकरीत आहे, आणि बोलणाऱ्या मुलींची परीक्षा त्याच वॉर्डात आहे.

शिक्षिका : मुलींची नावं येणार नाहीत अशी व्यवस्था करता येईल. माझं नाव राहील, ते राहू दे. आणि ज्या वॉर्डात सांगितलेलं वर्षानुवर्षं कुठेच पोचत नाही, तिथे पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुली पाठवायच्याच नाहीत, एवढं तरी मला मागता येईल. शिकण्याची सुरुवात निदान ऐकणाऱ्या वॉर्डात व्हावी.

सिस्टर : मग मला सांग, ज्या वॉर्डात कोणी ऐकत नाही, तिथून विचारणारी एकुलती एक मुलगीही तू काढून घेतलीस, तर तिथल्या रुग्णाने मुलगा चहाला गेल्यावर कोणाचा हात धरायचा?

शिक्षिका : म्हणजे मुलीला वाचवायचं तर रुग्णाला सोडावं लागतं, आणि रुग्णासाठी तिला तिथे ठेवायचं तर ती दुसऱ्या वर्षातच विचारणं बंद करते. तिच्यासोबत मी वॉर्डात उभी राहिले, इन्चार्जचं बोलणं मी ऐकून घेतलं, तर काही आठवडे हे टाळता येईल. पण माझ्याकडे साठ मुलं आहेत, आणि वॉर्ड सहा.

सिस्टर : माझ्या वेळच्या इन्चार्जना तू कधी वर्गात बोलावलं असतंस, तर मी आले असते. आजच्या येतील का, ते विचारून बघ. नाही म्हणतील त्यांचं कारणही विचार, आणि ते पुरतं ऐक.